मिलानच्या मेळ्यात सोफ्याखाली काय बघायचं

प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. विचारणाऱ्यांच्या वडिलांचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. सोफे, पलंग, मॉड्युलर किचन अशी कामं होतात आणि डिझाइनचं आता मुलगा बघतो. तो विचारतो: "गिऱ्हाइकं मोबाइलवर मिलानच्या सलोने देल मोबिलेचे, म्हणजे तिथल्या फर्निचरच्या मेळ्याचे, फोटो घेऊन येतात. गोलाकार सोफा, वाइन रंग, दगडाचा जाड ओटा, दारामागे लपलेलं किचन. यातलं दोन वर्षांत जुनं होणारं काय आणि टिकणारं काय? एकदा स्वतः जाऊन यावं की फोटो पुरे? आणि वडिलांना बरोबर नेलं तर त्यांना त्यातून काही मिळेल का? त्यांना इंग्रजी येत नाही."

मी फर्निचर डिझाइन आणि उत्पादन या दोन्ही बाजूंना काम करतो. मिलानला बऱ्याचदा जाणं झालं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही ट्रेंड विचारताय, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. गिऱ्हाईक फोटो दाखवतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आकार आणि रंग असतात. तुम्हाला मात्र ती वस्तू प्लाय, फोम, कापड आणि तुमच्याकडच्या चार कारागिरांच्या हातांनी उभी करायची असते, आणि ती पुढची दहा वर्षं कुणाच्या तरी हॉलमध्ये पावसाळ्यातल्या दमट हवेत टिकायला हवी असते. त्यासाठी लागणारी माहिती फोटोत नसतेच. ती सोफ्याच्या पोटात आणि तळाशी असते. मिलानमध्ये गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठा बदल झालाय तोही तिथेच.

आधी हा मेळा आहे काय ते नीट समजून घ्या, म्हणजे फोटोंकडे बघायची नजर बदलेल. सलोने १९६१ साली सुरू झालं ते इटलीतल्या फर्निचर उत्पादकांचा माल परदेशात विकला जावा म्हणून. मिलानच्या उत्तरेला ब्रिआन्झा नावाचा पट्टा आहे. मेदा, कांतू, लिस्सोने, जुस्सानो ही तिथली गावं पिढ्यान्‌पिढ्या सुतारकामावर जगत आली. कासिना, मोल्तेनी, फ्लेक्सफॉर्म, मिनोत्ती ही जगभर गाजलेली नावं याच पट्ट्यातली. म्हणजे सलोनेच्या मुळाशी कारखानदार आहेत, तुमच्या वडिलांसारखेच. आजही आठवड्यातले पहिले दिवस मुख्यतः व्यापारासाठी असतात, सर्वसामान्य लोकांसाठी दारं उघडतात ती शनिवार-रविवारी.

आकारमान प्रचंड आहे. २००६ पासून हा मेळा शहराबाहेर रो इथल्या प्रदर्शन संकुलात भरतो. मास्सिमिलिआनो फुक्सास यांनी ते संकुल रचलं आणि त्याचं काचेचं लाटांसारखं छत एक किलोमीटरहून लांब आहे. २०२५ मध्ये ३७ देशांतले २,१०३ प्रदर्शक होते आणि ३ लाख २ हजारांहून अधिक लोक आले. त्याआधी २०२४ मध्ये हाच आकडा ३ लाख ७० हजारांवर होता. या फरकामागे एक कारण वेळापत्रकाचंही आहे. सम वर्षी इथे युरोकुचिना म्हणजे स्वयंपाकघराचं प्रदर्शन आणि बाथरूमचं प्रदर्शन असतं, विषम वर्षी युरोलुचे म्हणजे दिव्यांचं. तुमचा निम्मा धंदा किचनचा आहे, तेव्हा जायचं झालं तर सम वर्षीच जा. विषम वर्षी गेलात तर सोफे आणि दिवे भरपूर दिसतील, पण किचनसाठी पुन्हा वर्षभर थांबावं लागेल.

आता आकारांबद्दल. तुमच्याकडे येणाऱ्या फोटोंतला फुगीर, बुटका, गोलसर सोफा नवा नाही. बी अँड बी इटालियाचा कामालेओंदा मारिओ बेल्लिनी यांनी १९७० मध्ये केला. त्याचं उत्पादन मध्यंतरी बंद होतं, २०२० मध्ये कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. कासिनाचा सोरिआना हा आफ्रा आणि तोबिआ स्कार्पा या जोडप्याचा. मोठ्या गादीला बाहेरून धातूच्या चापाने आवळल्यासारखा तो दिसतो. तो १९६९ चा. १९७० मध्ये त्याला कोम्पास्सो दोरो हा इटलीतला डिझाइनचा सर्वात मानाचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो परत आला. बेल्लिनी यांचा ले बांबोले १९७२ चा, तोही २०२२ मध्ये परतला. म्हणजे 'यंदाचा ट्रेंड' म्हणून जे फिरतंय त्यातलं बरंचसं पन्नास वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगमधून आलंय.

कंपन्या असं का करतात? नवा सोफा बाजारात आणायचा तर साचे, नमुने, चाचण्या, जाहिरात असा मोठा खर्च असतो, आणि तो चालेलच असं नाही. जुन्या सोफ्याची ओळख लोकांच्या मनात आधीच असते. फोटोतही तो चटकन ओळखू येतो. मला यात काही गैर वाटत नाही, कारण हे आकार खरोखर चांगले आहेत. पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. पन्नास वर्षं तग धरून परत आलेला आकार दोन वर्षांत मरणार नाही. त्याच्या नकलांची गर्दी होईल, लोकांना त्या गर्दीचा कंटाळा येईल, पण बुटका, खोल बैठकीचा, तुकड्यातुकड्यांनी जोडता येणारा सोफा राहील. कंटाळा आधी येईल तो बूक्ले कापडाचा. पांढरट, लोकरीच्या गुंडाळ्यांसारखं दिसणारं हे कापड गेली काही वर्षं सगळीकडे आहे. आपल्याकडच्या धुळीत त्याच्या गुंडाळ्यांत मळ अडकतो आणि तो ब्रशने निघत नाही. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तर सरळ सांगा की खोळ काढून ड्राय-क्लीनला देता येईल अशीच शिवू, एरवी नाही.

खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे. हे जुने सोफे परत आले ते आतून जसेच्या तसे आलेले नाहीत. मूळचा कामालेओंदा चौकोनी, गुबगुबीत ठोकळ्यांचा. पाठ आणि हात बैठकीला केबल, हुक आणि कड्यांनी बांधलेले. हुक सोडवा, तुकडे हवे तसे फिरवा, पुन्हा अडकवा. ही जोडणी १९७० चीच आहे. २०२० ची आवृत्ती करताना आतले घटक वेगवेगळे करता येतील अशी रचना ठेवली, म्हणजे सोफ्याचं आयुष्य संपल्यावर लाकूड लाकडात, फोम फोमात, कापड कापडात जाऊ शकतं. सोरिआनाच्या नव्या आवृत्तीत प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेले तंतू भरण्यासाठी वापरले. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. फोटो १९७० चा आणि २०२० चा सारखाच दिसतो.

याच विचाराचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बघायचं असेल तर माजिस कंपनीचा कॉस्च्यूम सोफा बघा. स्टेफान दीत्स या जर्मन डिझायनरने तो केला. त्याचा सांगाडा लाकडी नाही, पुनर्वापर केलेल्या पॉलिइथिलीनचा पोकळ ठोकळा आहे. आपल्याकडे गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या ज्या रोटो-मोल्डिंगने बनतात, त्याच पद्धतीने तो बनतो. त्यावर स्प्रिंगची गादी आणि फोमचा थर. आणि कापड? ते स्टेपलने ठोकलेलं नाही, चिकटवलेलंही नाही. खोळीच्या कडेला इलॅस्टिकचे फास आहेत, ते सांगाड्यावरच्या खाचांत अडकवायचे. एका माणसाने, कसलंही हत्यार न घेता, खोळ काढून धुवायला टाकावी आणि परत चढवावी, एवढं ते सोपं आहे. मी तो सोफा वाकून, खालून, कडेने बघितला तेव्हा मनात आलं की आपल्याकडचा कुशनवाला हे बघून लगेच म्हणेल, हे तर आपण करू शकतो. आणि तो करू शकतोही.

असा सोफा कुणी उगाच हौसेने करत नाही. युरोपीय संघाने शाश्वत उत्पादनांसाठी इको-डिझाइनचा नवा कायदा केला, तो जुलै २०२४ मध्ये अंमलात आला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याची पुढच्या पाच वर्षांची कार्ययोजना ठरली आणि तीत कोणत्या वस्तूंचे नियम आधी करायचे त्या यादीत फर्निचर आणि गाद्या दोन्ही आहेत. वस्तू किती टिकते, दुरुस्त होते का, सुटी होते का, आत काय काय आहे याची नोंद असलेला डिजिटल पासपोर्ट, या सगळ्याच्या अटी टप्प्याटप्प्याने येणार आहेत. इटलीतल्या कारखानदाराला हे ठाऊक आहे. आज बाजारात येणारा सोफा आठ-दहा वर्षं विकायचा असेल तर त्या नियमांत बसणारा हवा, म्हणून तो आत्ताच स्टेपल कमी करतोय आणि झिप, हुक, स्क्रू वाढवतोय. लाकडाच्या बाबतीत जंगलतोडीविरोधातला युरोपचा दुसरा कायदा आहे. त्याची तारीख पुढे ढकलली गेली असली तरी लाकूड कुठल्या जमिनीवरून आलं हे सांगायची तयारी मोठ्या कंपन्यांनी सुरू केली आहे. तुम्ही निर्यात करत नसाल तर हे कायदे तुम्हाला थेट लागू होत नाहीत. करायची इच्छा असेल तर मात्र आजपासूनच प्रत्येक लाकडाच्या खरेदीचं बिल आणि वाहतूक परवाना जपून ठेवायला लागा.

निर्यात करायची नसली तरीही हाच ट्रेंड तुम्ही उचलावा असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण आपल्याच गावांत आहे. युरोपात जुन्या सोफ्याचं कापड बदलून घ्यायला एवढी मजुरी पडते की लोक नवा सोफा घेतात. आपल्याकडे अजूनही कुशनवाला घरी येतो, गॅलरीत बसून दोन दिवसांत सोफा नव्यासारखा करून देतो. दुरुस्तीची ही सवय आणि ही माणसं आपल्याकडे आहेत. पण सोफा बनवताना आपण त्यांचा विचार करत नाही. फोम लाकडाला सोल्युशनने पक्का चिकटवतो, कापडावर कापड ठोकतो, तळाला काळं कापड असं लावतो की फाडल्याशिवाय आत हात जात नाही. मग दुरुस्तीला आलेला माणूस निम्मा वेळ स्टेपल उपसण्यात घालवतो आणि फोमचे लचके निघतात ते वेगळेच.

माझ्या कामात मी जे पाळतो ते सांगतो. पाठ, बैठक आणि हात वेगवेगळे बनवून मशीन स्क्रू आणि इन्सर्ट नटने जोडतो, लाकडाच्या स्क्रूने नाही, कारण तीन-चारदा उघडल्यावर लाकडातली आटी जाते. बैठकीच्या गाद्या सुट्या, खोळीला मागच्या बाजूने पूर्ण लांबीची झिप. फोम फ्रेमला चिकटवायचाच झाला तर कडेकडेनेच, सगळीकडे नाही. तळाचं कापड वेल्क्रोने. कापड उरलेलं असेल तर तळाशी एका पिशवीत अर्धा मीटर ठेवून देतो, पुढे ठिगळासाठी लागतं. यात खर्च थोडा वाढतो. किती, ते सोफ्याच्या मापावर आणि तुम्ही कुठलं हार्डवेअर वापरता त्यावर आहे, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. पण गिऱ्हाइकाला "हा सोफा लिफ्टमधून सुटा होऊन जाईल, घर बदललं तरी जाईल आणि सात वर्षांनी नव्या कापडात पुन्हा उभा राहील" असं सांगता येतं, तेव्हा त्या वाढीव पैशाची घासाघीस होत नाही.

गोलाकार सोफ्याचं एक वेगळं सांगायला हवं. मिलानच्या दालनात तो मधोमध ठेवलेला असतो, चहूबाजूंनी दोन-दोन मीटर मोकळे. आपल्या दोन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लागतो आणि गोल पाठीमागे धुळीचे तिकोनी कोपरे तयार होतात. बारा फुटांपेक्षा अरुंद हॉल असेल तर मी सरळ नाही म्हणतो. त्याऐवजी सरळ सोफा आणि त्याच्या हातांना, बैठकीच्या कडेला गोलाई, एवढ्यावर गिऱ्हाईक खूश होतं. बंगला असेल, हॉल मोठा असेल, तर मग जरूर करा. तिथे त्याचं सौंदर्य खुलतं.

किचनकडे येतो, कारण तिथे फोटो सगळ्यात जास्त फसवतात. गेल्या काही युरोकुचिनांमध्ये एकच कल्पना पुन्हापुन्हा दिसते: किचन दिसूच नये. ओटा, सिंक, भांडी, ओव्हन सगळं एका भिंतीत आणि पुढे मोठी दारं. ती दारं उघडली की कपाटाच्या बाजूच्या खाचेत सरकून गायब होतात. यामागचं हार्डवेअर ऑस्ट्रियाच्या ब्लूमसारख्या कंपन्या करतात आणि ते आपल्याकडे मिळतंही. अडचण अशी की दार आत जायला प्रत्येक बाजूला साधारण दहा ते पंधरा सेंटीमीटर जागा सोडावी लागते. आठ फुटांच्या भिंतीवर ही जागा म्हणजे एक चांगलं ड्रॉवर गेलं. दुसरं, त्या दारांचं वजन आणि सरळपणा. दार किंचित बाकलं तरी ते खाचेत घासतं. आपल्या पावसाळ्यात सात-आठ फुटी प्लायचं दार सरळ राहावं यासाठी ते दोन्ही बाजूंनी सारखंच लॅमिनेट किंवा वेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून तोललेलं हवं, आणि आत सरळ करणारी पट्टी हवी. हे तुमच्या कारखान्यात आज जमतं का, हे प्रामाणिकपणे बघा.

आणि तिसरं, स्वयंपाक. मिलानमध्ये दगडाखाली लपवलेलं इंडक्शन आणि शेगडीतच खाली ओढणारं एक्झॉस्ट दिसतं. छान दिसतं, फोटोत तर फारच. पण आपल्या घरात रोज फोडणी होते, पोळ्या थेट आचेवर फुगवल्या जातात, कढईतून वाफ सरळ वर जाते. खाली ओढणाऱ्या एक्झॉस्टला उंच कढईची वाफ पकडणं जड जातं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, लपवायचं असेल तर चहाचा कोपरा लपवा. मिक्सर, टोस्टर, कॉफी, पाण्याची बाटली हे सगळं सरकत्या दारांमागे. शेगडी आणि तिच्या वरची चिमणी मोकळीच राहू द्या. मिलानचा विचार घ्यायचा आणि तो आपल्या स्वयंपाकाला जुळवायचा, इतकंच. यातून जे किचन तयार होतं ते मला मूळच्यापेक्षा जास्त आवडतं.

दगडाबद्दल थोडक्यात. जाड दिसणारा ओटा हा बहुतेक वेळा जाड नसतो. पातळ पाटीच्या कडा पंचेचाळीस अंशात कापून खाली दुसरी पट्टी जोडलेली असते. तो सांधा नखाने चाचपून बघा, इटालियन कारागिराचा हात तिथे कळतो. आपल्याकडेही चांगले मार्बलवाले हे करतात, पण कडेला टिचण्याची भीती जास्त, तेव्हा किंचित बोथट कड मागा.

रंगांवर फार लिहीत नाही. चॉकलेटी, वाइनसारखा गडद तांबडा, ऑलिव्ह, चकचकीत लाखेचे पृष्ठभाग, स्टीलची चमक, गाठींच्या नक्षीचं वेनिअर, हे गेली दोन-तीन वर्षं सगळीकडे आहे. यातलं खोळीत आणि उशीत जे बसतं ते बिनधास्त करा, बदलता येतं. कपाटाच्या शटरला वाइन रंगाचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, करायच्या आधी गिऱ्हाइकाला एक रात्र विचार करायला लावा.

दिव्यांमध्ये बघण्यासारखी एक वस्तू आहे, फोर्माफान्तास्मा या डिझायनर जोडीने फ्लोस या दिव्यांच्या कंपनीसाठी केलेला सुपरवायर. हल्लीचे अनेक एलईडी दिवे एकदा बंद पडले की अख्खे फेकावे लागतात, कारण एलईडी आत कायमची बसवलेली असते. इथे काचेच्या सपाट पाट्या, धातूचे टोक आणि मधोमध एलईडीची लवचीक पट्टी, आणि ती पट्टी बदलता येते. सोफ्यात जो विचार चाललाय तोच दिव्यात. तुम्ही पलंगाच्या हेडबोर्डमध्ये किंवा किचनच्या कपाटाखाली एलईडी बसवत असाल तर ती ॲल्युमिनियमच्या पट्टीत, वरचं झाकण काढता येईल अशी बसवा आणि ड्रायव्हर हात पोचेल अशा जागी ठेवा. याची किंमत पाच वर्षांनी कळते.

आता नकलांचा विषय, कारण तुमच्या प्रश्नात तो दडलेला आहे. "हाच सोफा करून द्या" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा काय करायचं? मूळ नाव लावून तसाच्या तसा सोफा विकू नका. कायद्याचा भाग आहेच, शिवाय त्या डिझाइनमागे कुणाचे तरी कष्ट आहेत. आणि आपल्याला यातली बोच कळायला हवी, कारण उलट बाजूने आपण ती बघितली आहे. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुकार पिएर जाँनेरे यांच्या हाताखाली सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या झाल्या. पुढे त्या भंगार म्हणून काढल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत मोठ्या किमतींना विकल्या गेल्या. २०१९ मध्ये कासिनाने जाँनेरेंना आदरांजली म्हणून त्याच धर्तीवरची मालिका मिलानमध्ये आणली. उलट्या व्ही आकाराचे पाय, विणलेली बैठक, सगळं ओळखीचं. आपल्या सुतारांनी आधी घडवलेल्या वस्तूचं रूप मिलानच्या दालनात उजेडात उभं असतं आणि इथे तिची दखल कुणी घेत नाही. तुमच्या भागात चांगला साग ओळखणारी माणसं आहेत आणि वेताच्या खुर्च्या विणणारे अजून सापडतात. बुटक्या सोफ्याला वेताची पाठ देऊन बघा. दमट हवेत पाठीला हवा लागते, वजन कमी होतं आणि ती वस्तू तुमची होते.

मग जायचं का? हे तुमच्या खिशावर आणि उद्देशावर आहे. त्या आठवड्यात मिलानमधली हॉटेलं कित्येक पट महाग होतात, मोंझा किंवा बेर्गामोला राहून रोज रेल्वेने येणारे बरेच असतात. केवळ यंत्रं, हार्डवेअर, बोर्ड आणि एजबँड (बोर्डच्या कडेला लावायच्या पट्ट्या) बघायचे असतील तर मिलानपेक्षा जर्मनीतलं कोलोनचं इंटरत्सुम जास्त उपयोगी. ते विषम वर्षी मे महिन्यात असतं, आणि त्याच महिन्यात हानोफरला लाकूडकामाच्या यंत्रांचं लिग्ना असतं. बंगळूरचं इंडियावुड तर अगदी जवळ. कारखान्यात नवं यंत्र घ्यायचा विचार असेल तर पैसा तिकडे लावा. पण वस्तू कशी विचार करून बनते हे बघायचं असेल, तर मिलानला एकदा तरी जायलाच हवं.

गेलात तर रोला दोन दिवस द्या, त्याहून जास्त नको, पाय आणि डोळे दोन्ही थकतात. मेट्रोची तांबडी लाइन थेट जाते, पण रो शहराच्या हद्दीबाहेर आहे, साधं शहरी तिकीट चालत नाही, मोठ्या झोनचं घ्या. मोठ्या कंपन्यांच्या दालनांत आधी नुसतं बसा. बैठकीची उंची आणि खोली स्वतःच्या वितीने मोजा. टेप काढलीत तर कर्मचारी अस्वस्थ होतात आणि त्यांचं बरोबरच आहे. फोटो काढायच्या आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. मग सलोनेसातेलितेला जा. ३५ वर्षांखालच्या डिझायनरांसाठी मार्वा ग्रिफिन यांनी १९९८ मध्ये हा विभाग सुरू केला. तिथे वस्तूंचे निर्माते स्वतः उभे असतात, प्रश्नांना कंटाळत नाहीत आणि वस्तू उलटी करून दाखवतात. उरलेले दिवस शहरात. ब्रेरा, तोर्तोना, इसोला या भागांत वाडे, गॅरेज, जुनी गोदामं उघडी असतात, त्याला फुओरीसलोने म्हणतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट, फक्त काही जागी आधी नाव नोंदवावं लागतं.

वडिलांना जरूर न्या. भाषेची अडचण तुम्हाला जेवढी वाटते तेवढी येत नाही. एका मिस्त्रीने दुसऱ्याच्या कामावरून हात फिरवला की समोरच्याला कळतं. त्यांना त्रिएन्नालेतलं इटालियन डिझाइनचं संग्रहालय दाखवा, आदी डिझाइन म्युझियम दाखवा. जिओ पोन्तींनी कासिनासाठी १९५७ मध्ये केलेली सुपरलेज्जेरा खुर्ची कुठे उचलून बघायला मिळाली तर ती त्यांच्या हातात द्या. वजन १.७ किलो, पायाचा छेद त्रिकोणी, जेमतेम अठरा मिलिमीटरचा. अॅश लाकडात हा सांधा कसा बसवला असेल ते तुमच्याआधी ते सांगतील. आर्को हा कास्तिल्योनी बंधूंचा १९६२ चा दिवाही दाखवा. त्याच्या जवळपास ६५ किलोंच्या संगमरवरी बैठकीला एक आरपार भोक आहे. झाडूचा दांडा त्यातून घालून दोघांनी दिवा उचलावा यासाठी ते ठेवलंय. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते, सुतार मात्र बघताक्षणी ओळखेल की हे काम करणाऱ्या माणसाने वस्तू हलवताना होणारा त्रास लक्षात ठेवला होता.

शेंगेन व्हिसासाठी वेळ धरा, हिवाळ्यातच अर्ज करा. मेळ्याचं आमंत्रणपत्र किंवा नोंदणीचा कागद जोडलात तर धंद्याचं कारण स्पष्ट होतं. आणि जायच्या आधी कारखान्यात विकल्या जाणाऱ्या तुमच्या सगळ्यात चालणाऱ्या सोफ्याचे तळाचे, सांध्याचे, कापड ठोकलेल्या कडेचे फोटो फोनमध्ये घेऊन ठेवा. सलोनेसातेलितेत कुणाशी बोलताना ते दाखवा आणि विचारा, तुम्ही हे कसं केलं असतं.